ब्लोअरवरचा हात

राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी. चांगदेवचा डावा हात बेरिंगच्या लोखंडी घरावर होता आणि मनातल्या मनात तो ठाण्याच्या रस्त्याला लागला होता. बेरिंग तापलंय का हे बघायची त्याची ही रीत. हाताची करंगळीकडची कड टेकवायची आणि रस्त्यावरची गावं म्हणायची. राहनाळलाच हात उचलावा लागला तर टॉकीजला गार हवा देणारा ब्लोअर तिथल्या तिथं बंद. काल्हेरपर्यंत टिकला तर उद्या बघू. कशेळीच्या पुलापर्यंत हात राहिला म्हणजे बेरिंग ठणठणीत. आज हात कशेळीला पोचला, पूल ओलांडला, खाडी मागं पडली, बाळकुम आलं, आणि चांगदेवला बरं वाटत होतं, की इतकं गार बेरिंग बऱ्याच दिवसांत लागलं नाही. मग वास आला. त्याला वाटलं पट्टा घासतोय. त्यानं पट्ट्याकडं पाहिलं, मोटरकडं पाहिलं, आणि शेवटी हाताकडं पाहिलं. कडेची कातडी घराच्या हिरव्या रंगाला चिकटली होती. त्यानं हात ओढला तर ती तिथंच राहिली आणि दुधावरच्या सायीसारखी सुरकुतत गेली. दुखलं नाही. आपलंच कातडं आपल्या डोळ्यांसमोर तळलं जातंय आणि आपण बघतोय, एवढंच. त्यानं उजव्या हाताचं एक बोट घराला लावून बघितलं. ते त्याच्या परवानगीशिवाय मागं उडालं. एक हात ठाण्याला जाऊन पोचला होता आणि दुसरा भिवंडीतून निघायलाच तयार नव्हता, आणि दोन्ही हात त्याचेच होते.

त्यानं स्विच खाली ओढला. ब्लोअर थांबायला वेळ घेतो. पंख्याचं भलंमोठं चाक आपल्याच वजनानं फिरत राहतं, मग कण्हल्यासारखं करतं, मग गप्प. तो गप्प झाला की पडद्यामागच्या या खोलीत पिक्चरचं बोलणं ऐकू यायला लागतं आणि थोड्याच वेळात शिट्ट्या. दुपारच्या खेळाला पिक्चर बघायला कोण येतो? रात्रपाळी करून आलेले लूमवाले येतात, झोपायला. खोलीवर पाळीपाळीनं अंथरूण वापरणारी माणसं ती, दिवसा त्यांच्या जागेवर दुसरा कोणीतरी झोपलेला असतो. मग ते खालच्या दर्जाचं तिकीट काढतात, चप्पल उशाला घेतात आणि गार हवेत मेल्यासारखे पडतात. पडद्यावर मारामारी चालते, बाई नाचते, यांना पत्ता नसतो. पण हवा थांबली की सगळे एकदम उठतात. लूमच्या खडखडाटात झोपू शकणारा माणूस नुसत्या शांततेनं जागा होतो. त्या दिवशीही झाले. शिव्या भिंतीतून आत आल्या. चांगदेव हात कापसाच्या गोळ्यात धरून उभा होता आणि त्याला त्या शिव्या दुसऱ्याच कुणाला चालल्यात असं वाटत होतं.

हा हात खोटं कधीपासून बोलायला लागला, हे तो आठवायला लागला. मागच्या महिन्यात हात रोज कशेळीला पोचत होता. त्याच्या मागच्या महिन्यातही. तो खूश होता. ग्रीस बदलूनसुद्धा बेरिंग गार राहतंय म्हणून टॉकीजच्या मालकापुढं, मोहिउद्दीन शेठपुढं गप्प बसला होता. ग्रीस शेठनं बदललं होतं. वडप्याच्या एका ट्रक गॅरेजमधून सुट्टं ग्रीस डबा भरून आलं, स्वस्त मिळालं म्हणून. चांगदेव म्हणाला होता, आत जुनं एका जातीचं आहे, हे दुसऱ्या जातीचं, दोन्ही एकत्र आली की दूध फाटावं तशी फाटतात, पातळ होऊन वाहून जातात आणि बेरिंगच्या आतल्या गोळ्या कोरड्या पडतात. शेठ हसून म्हणाला होता, चांगदेव, तुम लोग ग्रीस में भी जात ले आए. सगळे हसले होते. त्यानं पंप मारला. पंप मारताना उजव्या हातात दांडा, म्हणून बेरिंग बघायला नेहमी डावा. आणि डावा म्हणत होता, सगळं झकास आहे.

कोपराच्या वर एक फिका डाग होता. शिबं असतील म्हणून त्यानं सोडून दिला होता. मध्यंतरी चाळीत सरकारी दवाखान्याचा एक माणूस आला, घराघरात जाऊन शर्ट काढायला लावायचा, पाठीवर, दंडावर पेनाचं टोक टेकवून कुठं लागलं विचारायचा. पोरं रांग लावून हसत होती. चांगदेव पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ड्युटीवर निघून गेला होता. काही घाबरून वगैरे नाही. असाच. पाय आपोआप निघाले. माणसाच्या डोक्याला कळायच्या आधी पायांना कळतं, ही गावाकडच्या, अंजूरच्या घरातली शिकवण.

अंजूरला खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावर राहीआत्याची झोपडी होती. बापाची, बाळारामची सख्खी बहीण. नवऱ्यानं आणून सोडलेली. घरात तिच्या रोगाचं नाव कोणी घेत नसे, तिला "ते" झालंय एवढंच म्हणत. रगतपिती, म्हणजे महारोग, हा शब्द चांगदेवला बाहेर, दुसऱ्या पोरांकडून कळला. बांधाच्या अलीकडं एक चपटा दगड होता, त्यावर भाकर आणि सुकट ठेवायची, हाक मारायची आणि वळून चालायला लागायचं. मागं वळून बघायचं नाही असं बापानं सांगितलं होतं. पोरं बघायची. बघण्यासारखं होतं. राहीआत्या चुलीवरून लाल तवा नुसत्या हातानं उचलायची. फडकं नाही, सांडशी नाही. पोरं तोंडात बोट घालायची आणि आत्या त्यांच्यासाठी पुन्हा उचलून दाखवायची, हसायची. तिला वाटायचं, आपल्याकडं एवढं तरी आहे, जे यांच्या आयांकडं नाही. मग एक बोट गेलं, मग बाकीची. बोटं रोगानं जात नाहीत, तव्यानं जातात, उंदरानं जातात, खाडीच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी जातात. रोग फक्त दुखणं घेऊन जातो, बाकीचं काम जग करतं. ती मेली तेव्हा बापानं झोपडी भांड्यांसकट पेटवली, खाडीत बुडी मारली आणि घरी येऊन जेवला. नीट जेवला. चांगदेवला तेव्हा बापाचा राग आला होता. आता त्याला राग आणून बघावासा वाटला. आला नाही. कापसाच्या गोळ्यातून पिवळं पाणी गळत होतं.

मोहिउद्दीन शेठ खाली आला तेव्हा त्याच्या मागं डोअरकीपर दौलत होता. शेठनं आधी ब्लोअर बघितला, मग घराला चिकटलेलं कातडं बघितलं, मग चांगदेवचा हात. चांगदेव म्हणाला, बेरिंग गेलं, ग्रीस फाटलं होतं. पण शेठच्या डोक्यात वेगळीच गोष्ट तयार झाली होती आणि ती त्याला फार आवडली होती. त्याच्या मते चांगदेवला जळतंय हे कळलं होतं, पण बेरिंग जाम होऊन शाफ्ट मोडेल म्हणून त्यानं हात काढला नाही, हातानंच अंदाज घेत राहिला. संध्याकाळपर्यंत गोष्ट बुकिंगच्या खिडकीवर पोचली, मग समोरच्या हॉटेलात, मग निजामपुऱ्यापर्यंत. शेठ प्रत्येकाला सांगायचा, दंगलीनंतर टॉकीज बंद होती ना, तेव्हासुद्धा हा कर्फ्यू सुटला की यायचा आणि शाफ्ट हातानं फिरवून जायचा, उभ्या उभ्या बेरिंगला खड्डे पडू नयेत म्हणून. हे खरं होतं. त्यामुळं दुसरंही खरं वाटायचं. दौलत म्हणाला, चांगदेव, उद्यापासून हॉटेलवाल्याला सांग, गॅस बंद कर, आमलेट तुझ्या हातावर काढू. सगळे हसले. चांगदेवही हसला. ग्रीसच्या डब्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. बहादुरी सापडली की चूक शोधत नाहीत. शेठला ते ठाऊक असावं, किंवा नसावंही. अशा गोष्टी माणसं ठरवून करत नाहीत, त्या त्यांना सोयीच्या पडतात.

घरी उलटं होतं. टॉकीजमध्ये दुखत असून सहन केल्याचं नाटक, घरी दुखत असल्याचं. बायकोनं, कमळनं हात मांडीवर घेतला, मलम लावायला लागली आणि विचारलं, दुखतं का. तो म्हणाला, दुखतं. मग त्याच्या लक्षात आलं, की नुसतं म्हणून चालत नाही, वेळेवर म्हणावं लागतं. तिचं बोट कुठं आहे हे बघून स्स करायचं. तो बघत राहिला आणि स्स करत राहिला. जखमेच्या मध्यावर बोट आलं की मोठा स्स, कडेला छोटा. चांगलं जमत होतं. मग कमळनं दिव्याच्या बाजूला मान वळवून म्हटलं, ते बघा, पाल. त्यानं तिकडं बघितलं. पाल नव्हती. वळून परत हाताकडं बघितलं तर तिचं नख जखमेशेजारी रुतलेलं होतं, चांगलं खोल. त्यानं स्स केलं. उशीर झाला होता. कमळनं नख काढलं, पट्टी बांधली, गाठ मारली आणि भांडी घासायला गेली. ती अंजूरचीच, पलीकडच्या आळीतली. दगड तिनंही बघितलेला होता.

दुसऱ्या दिवशी तो गुलाम हुसेनकडं गेला. गुलाम हुसेन त्याचा उस्ताद, आता काम सोडून घराच्या ओट्यावर बसणारा. हात ठेवायची विद्या त्याचीच. तो कलमा म्हणायचा, चांगदेवनं त्याच्या जागी गावं घातली होती आणि उस्तादनं ते चालवून घेतलं होतं. उस्तादच्या कानावर बहादुरीची गोष्ट आलेली होती. तो हसला नाही. त्यानं पट्टी सोडायला लावली आणि म्हणाला, आँख बंद कर. चांगदेवनं डोळे मिटले. समोरच्या शेडमध्ये लूम चालले होते, ओटा थरथरत होता, ती थरथर ढुंगणाला कळत होती, उजव्या हाताला कळत होती. बराच वेळ गेला.

"बोल, कुठं लागलं?"

"अजून लावलंच न्हाय ना तुमी."

"आँख खोल."

माचिसची काडी करंगळीच्या खाली मांसात उभी होती. रक्ताचा थेंब ओघळून मनगटापर्यंत आला होता. चांगदेव बघत बसला. काडी उभी होती, जशी भिंतीत खिळा असतो. उस्तादनं बोट न लावता काडी वापरली, हेही त्याच्या ध्यानात आलं. जुना माणूस. ज्यानं त्याचा हात धरून बेरिंगवर ठेवायला शिकवलं होतं, तो. उस्ताद म्हणाला, आता गोळ्या निघाल्यात, पूर्वीसारखं नाही, लेकीच्या, खुर्शीदच्या सासरची एक बाई खाऊन बरी झाली, पोरंबाळं आहेत. सरकारी दवाखान्यात फुकट देतात. गुपचूप जा, गुपचूप खा. मग थोडं पुढं वाकून हळू आवाजात म्हणाला,

"और सुन. किसी को बोलना मत. बहादुरी मुफ्त में मिली है, ओढ़ ले. लोग जिसको मर्द समझते हैं उसका हाथ नहीं देखते."

परत येताना चांगदेव या वाक्यावर विचार करत होता. वाक्य चांगलं होतं. त्यात नोकरी राहत होती, चाळीतली खोली राहत होती, मुलीचं लग्न राहत होतं. फक्त हात राहत नव्हता. कारण बहादुरी ही एकदा दाखवून संपत नाही. राहीआत्याकडंही पोरं पुन्हा पुन्हा तवा मागायची. त्याला हे कळत होतं, स्वच्छ कळत होतं, आणि कळून काही होत नव्हतं. डोक्यातलंही ग्रीस फाटलं असावं. सगळं फिरत होतं, कशाला काही लागत नव्हतं.

बेरिंग मुंबईहून, नागदेवीच्या बाजारातून यायचं होतं. ते येईपर्यंत टॉकीज हवेशिवाय चालली, म्हणजे रिकामी चालली. झोपणारे व्हिडिओ पार्लरच्या पंख्याखाली गेले. शेठ रोज बोलायचा, ये बेरिंग नहीं आया तो ताला लगाना पड़ेगा. बेरिंग आलं त्या दिवशी सकाळी चांगदेव निघताना कमळ दारात उभी राहिली. तिनं डबा हातात दिला नाही, धरून ठेवला.

"दवाखान्यात कवा जानार?"

तो म्हणाला, जाईन. ती म्हणाली, जाईन न्हाय, आज. काम झालं की तसंच. तो म्हणाला, लोकांना कळलं तर. ती चिडली नाही, रडली नाही. भाव करावा तशा आवाजात बोलली.

"कळू द्या. मी तुमची भाकर दगडावर ठेवनार न्हाय. एका ताटात जेवीन. पन तुमी हात लपवलात तर मी माज्या भावाकडं जाईन, आनि कशाला आले ते पन लोकांना सांगेन."

मग डबा दिला. चांगदेवला यावर काहीतरी वाटायला हवं होतं. बायको आपल्याशी इतकं बोलली, एका ताटात म्हणाली. तो रिक्षात बसला आणि आपल्याला काय वाटतंय ते शोधत राहिला. डब्याची ऊब मांडीला लागत होती. तेवढंच लागत होतं.

नवं बेरिंग शाफ्टवर गार गार जात नाही. ते तेलात तापवायचं असतं. तापलं की केसभर फुगतं, तेवढ्यात गोणपाटात धरून उचलायचं आणि एका दमात शाफ्टवर सरकवून जागेवर बसवायचं. चुकलं, रेंगाळलं, तर अर्ध्या वाटेत आवळून बसतं, मग कापून काढण्याशिवाय इलाज नाही. चांगदेवनं स्टोव्हवर तेलाचा डबा ठेवला, बेरिंग तारेला बांधून आत सोडलं. शाफ्ट पुसून घेतला. कोरडं गोणपाट घडी करून बाजूला ठेवलं. दौलत बॅटरीचा उजेड धरून होता. तेवढ्यात शेठ आला आणि त्याच्याबरोबर पूर्णाचा एक जमीनवाला, गळ्यात सोन्याची साखळी, शेतावर गोडाऊन काढली होती आणि आता थंड गोडाऊन काढायचं म्हणत होता. शेठनं त्याला सगळं दाखवलं, मोटर, पट्टे, पंखा. मग चांगदेवला दाखवलं. हाच तो, म्हणाला. पाहुणा म्हणाला, आयकलं हाय, आयकलं हाय. तेलातून धूर यायला लागला होता. चांगदेवनं गोणपाटाकडं हात नेला तर शेठनं ते पायानं बाजूला सरकवलं. प्रेमानंच सरकवलं. शेठ त्याच्यावर खरंच खूश होता, यात शंका नको.

"इसको कपड़ा नहीं लगता," शेठ पाहुण्याला म्हणाला. "देखो अब. चांगदेव, वोही हाथ से. एक बार."

दौलत हसला. पाहुणा साखळी सारखी करून पुढं सरकला. चांगदेव बेरिंगकडं बघत होता. तेलाखाली ते स्वच्छ चमकत होतं, गोळ्या एकेक दिसत होत्या, अजून एकदाही न फिरलेल्या. उचललं असतं तर उचललं गेलं असतं. काही लागलं नसतं. पट्टी जळाली असती, मांस जळालं असतं, बेरिंग बसलं असतं, आणि शेठनं त्याच्या पाठीवर थाप मारली असती. इतकं सोपं काम आयुष्यात कधी आलं नव्हतं. तवा उचलून राहीआत्या हसायची ते हसू कसलं होतं हे त्याला पहिल्यांदा समजलं आणि मग कुठून तरी, फार लांबून, राग आला. मोठा नव्हता. पण होता. त्यानं तो हातचा जाऊ दिला नाही.

"मला रगतपिती हाय, शेठ."

दौलतचं हसू एकदम थांबलं नाही, ब्लोअरसारखं थोडं फिरून थांबलं. शेठ म्हणाला, क्या बोला? चांगदेवनं पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात. हाताला कळत नाही. बेरिंग तापलेलं कळलं नाही म्हणून जळाला. बहादुरी काही नाही. बेरिंग तुमच्या ग्रीसनं गेलं आणि हात माझ्या रोगानं. पाहुणा दाराजवळ गेला, तो कधी गेला ते कुणी पाहिलं नाही. स्टोव्ह फरफरत होता. दौलतच्या हातातला उजेड शाफ्टवरून सरकून भिंतीवर गेला होता. चांगदेवनं खाली वाकून गोणपाट उचललं, तार ओढली, बेरिंग दोन्ही हातांत धरलं. उजेड, तो म्हणाला. दौलतनं लांबूनच उजेड पाडला. बेरिंग शाफ्टवर गेलं आणि एका दमात जागेवर जाऊन बसलं, टक् करून. ते बसेपर्यंत त्याला कोणी थांबवलं नाही. थांबवणार कोण होता, दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं.

गार झाल्यावर त्यानं आपल्या जातीचं ग्रीस भरलं, अर्धी जागा मोकळी ठेवली, घराचं झाकण आवळलं, पट्टा चढवला, स्विच वर केला. ब्लोअर हलला, दमानं वेग घेतला, हवा भिंतीपलीकडं जायला लागली. बाहेर तिकिटाच्या खिडकीवर लूमवाल्यांची रांग लागलेली आवाजावरून कळत होती. नव्या बेरिंगवर सुरुवातीला हात ठेवून बघावाच लागतो, जरा जरी आवळ बसलं असेल तर तेव्हाच तापतं आणि चालू खेळात जाम होतं. मग शाफ्ट जातो, पंखा जातो, टॉकीज जाते. चांगदेवनं उजवा हात पुढं केला. हा हात खरा होता.

"बस," शेठ म्हणाला. "अब किसी चीज को हाथ मत लगा." मग जरा मऊ आवाजात, "घर जा तू. दवाखाना कर. बाद में देखेंगे."

चांगदेवनं हात मागं घेतला. म्हणाला, जातो. पण बेरिंग बघायला लागेल. दौलतकडं बघितलं. दौलत बॅटरी बंद करत होता, ती बंद होती तरी करत होता. त्या हिरव्या घरावर अजून वाळलेल्या कातडीचा एक पापुद्रा होता.

"मग तुमी ठेवा, शेठ."

शेठनं ब्लोअरकडं पाहिलं. बाहेर पहिली घंटा झाली. त्यानं खिशातून रुमाल काढला, पांढरा, इस्त्रीचा, तो नीट घडी करून तळव्यावर ठेवला आणि तो हात बेरिंगच्या घरावर टेकवला. थोडा वेळ उभा राहिला.

"ठंडा है," तो म्हणाला.

"रुमालातून कळत न्हाय. रुमाल काढा."

शेठनं रुमाल काढला नाही. त्यानं त्याला आणखी एक घडी घातली आणि हात परत ठेवला.